वणव्यामुळे घर सोडलंय, आता हे दिवस कसे काढायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वणवा टेकडी ओलांडून तुमच्या बाजूला उतरला, घर सोडण्याचा आदेश आला आणि अर्ध्या तासात नवरा, दोन मुलं आणि सासूबाई अशा सगळ्यांना घेऊन तुम्ही बाहेर पडलात. सध्या नवऱ्याच्या मित्राकडे राहताय. घर उभं आहे की जळालं, हे अजून कळलेलं नाही. झोप नाही, छातीत धडधडतं, मुलांवर खेकसायला होतं. लोक मदत करताहेत, पण ती घेताना मिंधं झाल्यासारखं वाटतं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, ‘आमच्यापैकी कुणाला साधं खरचटलंही नाही, मग मी एवढी का खचलेय?’

आपत्तीनंतरच्या निवारा केंद्रांत मी बरीच वर्षं समुपदेशक म्हणून काम करते आहे आणि वणव्यातून बाहेर पडलेली खूप कुटुंबं मी जवळून पाहिली आहेत. तुमचा शेवटचा प्रश्न त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेला आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

ताई, तुम्ही खचला आहात कारण तुमचं संकट अजून संपलेलंच नाही. भूकंपात घर पडतं ते डोळ्यांसमोर पडतं. वणव्यात माणूस धडधाकट उभ्या घराला कुलूप लावून निघतो आणि मग कित्येक दिवस लांब बसून वाट पाहतो. रस्ते बंद असतात, शेजारीही विखुरलेले असतात, खात्रीची बातमी कुणाकडेच नसते. जे गेलं त्याचं दुःख करावं, तर गेलंय की नाही हेच माहीत नाही. सुटकेचा श्वास घ्यावा, तर तोही घेता येत नाही. जीव असा टांगणीला लागलेला असताना शरीर सावध राहतं. घर सोडतानाच्या अर्ध्या तासात त्याने जी पळण्याची तयारी केली, ती अजून उतरलेली नाही. म्हणून धुराचा वास आला, सायरन वाजला किंवा नुसता वारा सुटला तरी तीच धडधड होते. किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, एकच ओळ तीनदा वाचावी लागते, क्षुल्लक गोष्टीवरून डोळे भरून येतात. ‘अल्बम राहिला, कपाटातली फाइल राहिली’ ही टोचणीही त्याचाच भाग. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेकांना हे होतं आणि बहुतेकांचं हळूहळू उतरतं. तुम्ही कमकुवत आहात असा याचा अर्थ मुळीच होत नाही.

वाट पाहण्याचा हा काळ किती लांबतो याची कल्पना असलेली बरी. कॅनडातल्या फोर्ट मॅकमरी शहरातून ३ मे २०१६ रोजी साधारण ८८,००० माणसं बाहेर पडली. त्यांना टप्प्याटप्प्याने परत यायला परवानगी मिळाली ती १ जूनपासून. म्हणजे जवळपास महिना. त्या वणव्यात २,४०० च्या आसपास इमारती जळाल्या, पण शहराचा बहुतांश भाग वाचला होता. तरीही महिनाभर लोकांच्या डोळ्यांसमोर चित्रं होती ती जळणाऱ्या घरांचीच, कारण न जळलेल्या घराचं चित्रण कुणी करत नाही. तुम्ही फोनवर जे पाहताय तेही असंच निवडून आलेलं आहे.

तुमचे यजमान, म्हणजे तुमचा नवरा, रात्रभर उपग्रहाचा नकाशा उघडून बसतात असं तुम्ही लिहिलंय. हे खूप जण करतात, त्यामुळे याबद्दल जरा सविस्तर लिहिते. नासाच्या ‘फर्म्स’ या नकाशावर लाल ठिपके दिसतात. त्यातल्या व्हीआयआयआरएस या उपकरणाची नोंद ३७५ मीटरच्या चौकोनाची असते आणि त्या चौकोनात कुठेतरी उष्णता आढळली की ठिपका चौकोनाच्या मध्यावर काढला जातो. ठिपका तुमच्या छपरावर दिसला तरी आग मागच्या रानात असू शकते. उलट, उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो आणि दाट धूर किंवा ढग आड आले तर आग त्याला दिसतच नाही, त्यामुळे ठिपका नाही म्हणजे घर सुरक्षित असंही नाही. त्यात आणखी एक गोष्ट: वणव्यात बहुतेक घरं ज्वाळांच्या भिंतीने जळत नाहीत, वाऱ्यावर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेट घेतात. निखारा पन्हाळीतल्या वाळक्या पानांवर पडला की घर गेलं, फरशीवर पडला की विझला. म्हणून एकाच गल्लीत एक घर राख होतं आणि त्याच्या शेजारचं जसंच्या तसं उभं असतं. नकाशावरून तुमच्या घराचा निकाल लावताच येणार नाही, मग तो रात्री दोन वाजता पाहा की सकाळी दहाला.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की बातमी पाहण्याचं काम एकाच माणसाकडे द्या, आणि शक्यतो तो माणूस तुमच्या घरातला नसावा. दीर असेल, मैत्रीण असेल, दूर राहणारा भाऊ असेल. त्याने सकाळ-संध्याकाळ फक्त अधिकृत सूचना पाहायच्या आणि तुमच्या भागाबद्दल काही असेल तरच कळवायचं. काही ठिकाणी अग्निशमन यंत्रणा घराघराची पाहणी करून तिचा नकाशा लोकांसाठी खुला करते. कॅलिफोर्नियात तशी पद्धत आहे. तुमच्याकडे अशी सोय असेल तर त्याच माणसाने ती पाहावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे ‘अमुक गल्ली पूर्ण गेली’ असे निरोप कितीही खात्रीने लिहिलेले असले तरी त्यावर रडू नका आणि हसूही नका. असे निरोप खोटे ठरताना मी वारंवार पाहिले आहेत, दोन्ही बाजूंनी.

दुसरं काम तुमच्या फोनचं. या दिवसांत चौकशीचे फोन माणसाला पिळून काढतात. प्रत्येकाला तीच हकिगत पहिल्यापासून सांगायची, आणि पलीकडचा रडायला लागला तर उलट त्यालाच धीर द्यायचा! घरातल्या किंवा नात्यातल्या एकाला सांगा, की सगळ्यांना तूच कळव. ‘आम्ही पाचही जण सुखरूप आहोत, घराचं अजून कळलेलं नाही, कळलं की सांगू, सध्या फोन करू नका’ एवढा एक निरोप पुरतो. ज्यांचा आवाज ऐकून बरं वाटतं त्या दोघा-तिघांचेच फोन घ्या. यात उद्धटपणा काही नाही.

आता मिंधेपणाबद्दल. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हेच, कारण या संकोचापायी माणसं स्वतःचे हाल करून घेतात.

वणव्यातून माणसं कशी वाचतात ते पाहा. अग्निशमन दल, पोलीस जिवाचं रान करतात, पण आग झपाट्याने येते तेव्हा शेजारी असलेला माणूसच कामाला येतो. ग्रीसमधल्या माटी गावात २३ जुलै २०१८ रोजी आग पाहता पाहता किनाऱ्यापर्यंत आली. लोक समुद्रात उतरले आणि धुरात, पाण्यात ताटकळत राहिले. त्यातल्या अनेकांना मच्छिमारांनी आणि खाजगी होड्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. त्या आगीत १०४ माणसं गेली. बचावाला धावलेल्यांपैकी तीन मच्छिमार परदेशातून पोटासाठी आलेले होते, इजिप्त आणि अल्बेनियाचे. ग्रीसने नंतर त्यांना नागरिकत्व दिलं.

कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइझ गावात ८ नोव्हेंबर २०१८ ला काय झालं तेही सांगते, कारण त्यातून तुमच्या घरासाठी घेण्यासारखं बरंच आहे. एका प्राथमिक शाळेतली २२ मुलं मागे राहिली होती, त्यांचे पालक पोचू शकले नव्हते. शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणि दोन शिक्षिका त्यांना घेऊन निघाले. रस्ते तुंबलेले, दोन्ही बाजूंना आग आणि भरदिवसा काळोख. पाचेक तास ती बस वाट काढत होती. ड्रायव्हरने मोठ्या मुलांना लहानांशेजारी बसवायला सांगितलं आणि शिक्षिकांनी सगळ्यांच्या नावांची यादी केली. बसमध्ये धूर भरायला लागला तेव्हा ड्रायव्हरने अंगातला शर्ट काढला, त्याचे तुकडे केले, होतं तेवढ्या पाण्यात भिजवले आणि मुलांना नाकातोंडावर धरायला दिले. सगळी मुलं सुखरूप पोचली. या हकिगतीत मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की त्या बसमध्ये प्रत्येकाला काहीतरी काम होतं. आठ-दहा वर्षांच्या मुलालाही, शेजारच्या लहानग्याकडे लक्ष द्यायचं. हातात काम असलेला माणूस भीतीत पूर्ण बुडत नाही.

आपत्तीनंतर माणसाला काय सावरतं यावर या क्षेत्रातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन २००७ साली पाच गोष्टी मांडल्या होत्या: सुरक्षित वाटणं, मन शांत होणं, आपल्याला काहीतरी करता येतंय असं वाटणं, माणसांशी जोडलेलं राहणं आणि आशा. आम्ही आजही त्याच धरून काम करतो. यातली एकही गोष्ट एकट्याने बंद खोलीत बसून मिळत नाही. मदत घेणं हे सावरण्याच्या कामातलं काम आहे, असं मी म्हणते ते यासाठी.

आणि घेतलेली मदत फिटते. जिच्याकडून घेतली तिलाच ती परत जाईल असं नाही, पण फिटते. फोर्ट मॅकमरीहून दक्षिणेकडे जायला एकच महामार्ग होता. त्यावर गाड्यांतलं पेट्रोल संपत होतं आणि अनोळखी लोक कॅन भरभरून पेट्रोल आणि पाणी घेऊन रस्त्याकडेला उभे होते. त्याच वेळी कॅल्गरीत, नुकतेच सिरियातून आलेले निर्वासित, ज्यांचा स्वतःचा संसार अजून लागला नव्हता, ते आपसांत वर्गणी काढून या लोकांसाठी सामान जमवत होते. हातात काही न घेता घर सोडणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुढे कधीतरी कुणाच्या तरी दारात तुम्हीही अशाच उभ्या राहाल. तोवर संकोच बाजूला ठेवा.

मदत घेण्याची रीत मात्र असते. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणणाऱ्याला आपण ‘नाही, नको, ठीक आहे’ म्हणतो आणि दोघंही तिथेच थांबतात. समोरच्याला मनापासून काही करायचं असतं, काय ते त्याला सुचत नसतं. तुम्ही एक कागद घ्या आणि त्यावर खरोखर हवं ते लिहा: सासूबाईंच्या औषधांची चिठ्ठी पुन्हा मिळवणं, मुलाचा चष्मा, धाकटीच्या शाळेला कळवणं, दोन जोड कपडे मापासकट, विमा कंपनीला पहिला फोन, दुपारी दोन तास मुलांना घेऊन जाणारं कुणीतरी. पुढच्या वेळी कुणी विचारलं की यातली एक ओळ त्याच्या हाती द्या. कागदपत्रांचं काम तर दुसऱ्याकडे द्याच. तुमचं डोकं सध्या फॉर्म भरण्याच्या स्थितीत नाही. हिशोबी स्वभावाचा एखादा नातेवाईक शेजारी बसला तर ज्या कामाला तुम्हाला चार दिवस लागतील ते तासाभरात होतं. विम्यात बाहेर राहण्याचा खर्च मिळत असेल तर आजपासूनच्या प्रत्येक पावतीचा फोटो काढून त्याच माणसाला पाठवत जा.

पैसे कुणी देऊ केले तर घ्या. कपड्यांच्या पिशव्यांपेक्षा पैसे उपयोगी पडतात आणि माणसाचा मानही राखतात. फोर्ट मॅकमरीच्या वेळी कॅनडाच्या रेडक्रॉसने प्रत्येक मोठ्या माणसामागे ६०० आणि मुलामागे ३०० डॉलर थेट लोकांच्या खात्यात पोचवले. कुणाला औषधं हवी होती, कुणाला पेट्रोल, कुणाला मुलासाठी एखादं खेळणं. ज्याचं त्याने ठरवलं.

दुसऱ्याच्या घरी राहण्याचा प्रश्न वेगळाच, आणि त्यावर मोकळेपणाने कुणी बोलत नाही. पहिले दोन-तीन दिवस दोन्ही बाजूंनी प्रेमाचा पूर असतो. मग न्हाणीघरापुढची रांग, मुलांचा गोंगाट, टीव्हीचा आवाज, कुणाची झोपायची वेळ, हे बारीक बारीक खुपायला लागतं. तुम्ही आश्रितासारख्या कोपऱ्यात बसता आणि त्या घरची बाई स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखी वागायला लागते. हे टाळण्यासाठी तुम्हीच बोलायला सुरुवात करा. चौघं मोठी माणसं बसा आणि स्पष्ट विचारा: साधारण किती दिवस चालेल, खर्चातला आमचा वाटा कसा धरायचा, घरातलं कोणतं काम आमच्याकडे. एक काम पूर्णपणे अंगावर घ्या, रोजचं आणि ठरलेलं. दिवसातून तासभर तुम्ही पाचही जण घराबाहेर जा, म्हणजे त्यांना त्यांचं घर मिळतं. हवेत धूर असेल तर बागेऐवजी एखादी बंदिस्त जागा शोधा, वाचनालय वगैरे, आणि बाहेर पडताना एन-९५ मास्क लावा. कापडी मास्कने धुरातले सूक्ष्म कण अडत नाहीत. मुक्काम फारच लांबणार असं दिसलं तर पुढच्या जागेची चौकशी आत्ताच सुरू करा, संबंध आंबण्याची वाट पाहू नका.

आणि तुमची एक पिशवी त्या घरातही दाराशी भरलेली ठेवा. वारा फिरला तर त्या भागालाही इशारा येऊ शकतो. तेव्हा आदेशाची वाट न पाहता, पहिल्या इशाऱ्यालाच सासूबाईंना आणि मुलांना हलवा. पोर्तुगालमध्ये पेद्रोगाओ ग्रांदेच्या आगीत जून २०१७ मध्ये ६६ माणसं गेली, त्यातली बरीच जण पळून जाताना रस्त्यावरच सापडली होती. उशिरा निघणं हा वणव्यातला सर्वांत मोठा धोका आहे.

सासूबाई ‘गप्प झाल्यात, कशाला उत्तरच देत नाहीत’ असं तुम्ही लिहिलंय. आधी साध्या गोष्टी तपासा. एका केंद्रात एक आजी दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसून होत्या. सगळे म्हणत होते, धक्का बसलाय, हाय खाल्लीय. एका तरुण स्वयंसेविकेच्या लक्षात आलं की त्यांच्या श्रवणयंत्राचा सेल संपलाय. तिने तो आणून बसवला, यंत्र कानात घातलं, आणि आजींचा पहिला प्रश्न होता, ‘आपण कुठे आलोय? मला कुणी काही सांगतच नाहीये.’ सगळे त्यांच्याशी बोलत होते आणि त्यांना एक शब्द ऐकू येत नव्हता. चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, काठी, रोजच्या गोळ्या, रात्री न्हाणीघराकडे जाताना दिवा: म्हातारपणी धीर या गोष्टींवर उभा असतो. त्या जागेवर आल्या की सासूबाईंना काहीतरी काम द्या, खरं काम. धाकटीची वेणी, भाजी निवडणं, काहीही. त्यांना नुसतं बसवून ठेवू नका.

मुलांना खरं सांगा, त्यांच्या वयाला झेपेल इतकं. ‘घर आहे की नाही, आपल्याला अजून माहीत नाही. कळलं की तुम्हाला लगेच सांगू. आपण सगळे एकत्र आहोत आणि एकत्रच राहणार.’ ‘काही झालेलं नाही’ असं सांगितलं तर ती तुमच्या चेहऱ्याकडे पाहून खोटं ओळखतात आणि मग विचारायचं बंद करतात. धाकटी पुन्हा अंथरूण ओलं करायला लागली असेल, तुम्हाला चिकटून झोपत असेल, आग-आग असा खेळ खेळत असेल, तर रागवू नका. मुलं खेळातूनच मन मोकळं करतात. आगीचे व्हिडिओ मात्र त्यांच्यासमोर लावू नका. झोपायची वेळ, जेवायची वेळ, झोपताना एक गोष्ट, एवढा दिनक्रम जागच्या जागी ठेवलात तरी पुष्कळ झालं. आणि खेकसलात तर नंतर जवळ घेऊन सांगा, ‘मी दमलेय, तुझी चूक नव्हती.’

नवरा-बायकोत या दिवसांत एकाला सतत बोलायचं असतं आणि दुसऱ्याला गप्प राहायचं असतं. गप्प राहणारा बेफिकीर नसतो. दिवसातून एकदा, दहा मिनिटं, मुलं झोपल्यावर, उद्याचं काय एवढंच बोला.

तुम्हाला ठेवून घेतलेल्या मित्राला आणि बाकीच्या आप्तांना वाचायला देता येईल असं थोडं लिहिते. ‘जीव वाचला हे काय कमी’, ‘सामानच तर होतं’, ‘सगळं ठीक होईल’ ही वाक्यं चांगल्या मनाने म्हटली जातात, पण ऐकणाऱ्याचं तोंड बंद करतात. त्यापेक्षा ‘फार कठीण आहे हे, मी आहे इथे’ एवढं म्हणा आणि खरोखर तिथे असा. काय काय झालं ते खोदून विचारू नका. पूर्वी आपत्तीनंतर लोकांना गोळा करून सगळा प्रसंग बोलायला लावायची पद्धत होती. तिने फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो, असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही ती नको असं सांगितलं. त्यांच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतलं सूत्र तीन शब्दांचं आहे: पाहा, ऐका, जोडा. काय कमी आहे ते पाहा, बोलावंसं वाटलं तर ऐका, आणि माणसांशी, सेवांशी, खऱ्या माहितीशी गाठ घालून द्या. ‘काही लागलं तर सांगा’ऐवजी ‘चार वाजता येतो, मुलांना दोन तास नेतो, चालेल?’ असं विचारा. त्यांचं घर पाहून येतो म्हणून बंद भागात शिरू नका. आणि तिसऱ्या महिन्यात फोन करायची आठवण आत्ताच लिहून ठेवा, कारण तेव्हा मदतीचा ओघ आटलेला असतो आणि खरी दमछाक तिथून सुरू होते.

परत जायची परवानगी मिळेल तेव्हा पहिल्या फेरीला मुलांना नेऊ नका. तुम्ही दोघं आणि ज्याचं डोकं शांत राहतं असा एक तिसरा, असे जा. घर गेलं असेल तर त्या राखेत शिसं, ॲस्बेस्टॉस असं बरंच काही असू शकतं. पूर्ण बाह्यांचे कपडे, जाड बूट, हातमोजे आणि एन-९५ हवाच. राख कोरडी झाडू नका, आधी पाणी शिंपडा. जळक्या झाडांखाली उभं राहू नका आणि पाऊल जपून टाका, कारण मुळं जमिनीखाली जळून पोकळी झालेली असते. काहीही उचलायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नळाचं पाणी अधिकृत हिरवा कंदील मिळेपर्यंत वापरू नका. कॅलिफोर्नियात २०१७ च्या टब्स आगीनंतर आणि पॅराडाइझमध्येही पाण्याच्या नळांमध्ये बेंझीन हे घातक रसायन सापडलं होतं, आणि ते पाणी उकळून सुरक्षित होत नाही. शोधाशोध करायची असेल तर तासाभराची मर्यादा ठरवून घ्या. माणसं भान हरपून दिवसभर उकरत बसतात.

घर वाचलं असेल तर? त्याचीही तयारी असू द्या. शेजारच्या चार घरांची राख आणि आपलं उभं, अशा वेळी आनंद करायचीही चोरी वाटते. शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवू, या विचाराने लोक त्यांना टाळायला लागतात, आणि नेमकं तेच टाळलेलं शेजाऱ्यांना लागतं. भेटा. उरलंसुरलं सामान कुलपात ठेवायला एक खोली द्या, पत्ता वापरायला द्या, कपडे धुवायला या म्हणा.

पुढचा काळ महिन्यांचा, कधी वर्षांचा असतो. ऑस्ट्रेलियात ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसं गेली. तिथल्या लोकांचा मेलबर्न विद्यापीठाने अनेक वर्षं मागोवा घेतला. बहुतेक माणसं सावरली, पण ज्या गावांना सर्वांत जास्त झळ बसली तिथे तीन-चार वर्षांनीही काही जणांचा त्रास उतरलेला नव्हता. जवळची माणसं आणि गावातली मोजकी मंडळं-गट ज्यांनी धरून ठेवले त्यांना आधार मिळालेला दिसला. दहा समित्यांवर धावायला मात्र जाऊ नका, त्याचा उलट ताण होतो. आपल्याच गल्लीतल्या, त्याच रात्री बाहेर पडलेल्या चार कुटुंबांचा एक गट आत्ताच जमवा. त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही.

डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे कधी जायचं, तेही सांगते. महिना उलटूनही झोप येत नसेल, तीच दृश्यं डोळ्यांसमोर येत असतील, घराबाहेर पडवत नसेल, दारू वाढली असेल, घरात हात उगारला जात असेल, तर जा. यावर नेमके उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. जगण्यात अर्थ नाही असं कुणी बोललं, तुम्ही, यजमान किंवा सासूबाई, तर महिना वगैरे मोजत बसू नका, त्याच दिवशी जा. झोपेच्या गोळ्या मात्र कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. सुरुवातीच्या महिन्यात अशा त्रासावर बेंझोडायझेपीन या जातीच्या झोपेच्या गोळ्या देऊ नयेत अशी आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

आज एवढंच करा: नकाशा पाहायचं काम दिराकडे द्या, हव्या असलेल्या गोष्टींचा कागद लिहा आणि त्यातली एक ओळ मित्राच्या बायकोला वाचून दाखवा. घराचं काय ते कळलं की पुन्हा लिहा. तेव्हाचे प्रश्न वेगळे असतील, त्यांची उत्तरंही वेगळी द्यावी लागतील.